शेवट न पाहिलेले सिनेमे

‘शोले’चा शेवट मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला मिसरूड फुटलं होतं. त्याआधी तो सिनेमा मी दोनदा पाहिला होता. दोन्ही वेळा गोंदियाच्या टॉकीजमध्ये, बाबांच्या शेजारी बसून, आणि दोन्ही वेळा शेवटची वीस-पंचवीस मिनिटं राहून गेली. कारण गाडी. बाबा रेल्वेत गँगमन होते, आम्ही दरेकशाला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायचो आणि गोंदियाहून परत आणणारी पॅसेंजर चुकली की रात्र फलाटावर काढावी लागे. ‘शोले’ तीन तासांहून लांब. दुपारच्या खेळाला बसलं तरी तो संपेपर्यंत थांबणं आम्हाला शक्य नव्हतं.

बाबांच्या घड्याळाचे काटे अंधारात हिरवे चमकायचे. माझा एक डोळा पडद्यावर, एक त्या काट्यांवर. मग गुडघ्यावर हलकी थाप पडे. ‘चाल बाबू, गाडी.’ मी दारापर्यंत उलट्या पावलांनी चालत जायचो, तोंड पडद्याकडे ठेवून. दाराचा जाड पडदा नाकासमोर पडेपर्यंत जेवढं दिसेल तेवढं बघून घ्यायचं. माझ्या लहानपणीचे बहुतेक सिनेमे त्या पडद्यापाशीच संपले आहेत.

लहानपणी पाहिलेल्या सिनेमाने माणसाला आयुष्यभराचा नाद कसा लागतो, याविषयी गोंदिया, भंडारा, गडचिरोली आणि चंद्रपूरकडच्या माणसांनी लिहिलेल्या आठवणी पुढच्या पानांत आहेत. त्या वाचताना एक गोष्ट मला वारंवार भेटत गेली. चांगला सिनेमा पाहिला म्हणून सिनेमाची आवड लागली, असं फार थोड्यांनी लिहिलं आहे. बाकीच्यांनी लिहिलं आहे ते राहून गेलेल्याबद्दल. रीळ तुटलं, पाऊस आला, वीज गेली, झोप लागली, आईने हात धरून घरी नेलं. मला वाटतं, नाद लागतो तो याच जागी. पूर्ण पाहिलेला सिनेमा पाहून होतो. अर्धा राहिलेला आपल्याबरोबर घरी येतो, जेवायला बसतो, अंथरुणात शिरतो आणि आपल्याकडून स्वतःला पूर्ण करून घेतो.

ज्यांनी आमचा भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. दरेकसा हे सालेकसा तालुक्यातलं, महाराष्ट्राच्या पूर्व टोकाचं गाव. मुंबई-हावडा लोहमार्गावर गोंदियाकडून निघालं की गुदमा, आमगाव, धानोली, सालेकसा आणि मग दरेकसा. पुढे डोंगर, डोंगरात बोगदा, बोगद्यापलीकडे बोरतलाव, आणि तिथून थोड्या अंतरावर डोंगरगड. १८८० च्या दशकात नागपूर-छत्तीसगड रेल्वेने हा मार्ग आणला. १ मे १९९९ ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला. तोवर आम्ही भंडारा जिल्ह्याचे होतो. धानाच्या बांध्या, मोह, तेंदूपत्ता, पावसाळ्यात हाजरा फॉलचा आवाज. माघ पौर्णिमेला कचारगडच्या यात्रेसाठी दूरदूरच्या राज्यांतून गोंड भाविक येतात ते दरेकशाच्याच स्टेशनवर उतरतात आणि धनेगावमार्गे गुहेकडे चालत जातात. त्या गुहेत कोंडल्या गेलेल्या मुलांची आणि त्यांना बाहेर काढणाऱ्या पारी कुपार लिंगोची कथा मी शेजारच्या घरात, चुलीपाशी, किती वेळा ऐकली असेल! ती गोंडांच्या श्रद्धेची कथा आहे, तिला सिनेमाच्या कामाला मी जुंपणार नाही. पण अंधारात बसून गोष्ट ऐकायची सवय आमच्याकडच्या मुलांना पडदा दिसायच्या आधीच लागलेली असते, एवढं इथे सांगायलाच हवं.

गावात टॉकीज नव्हती. माझा पहिला सिनेमा शाळेपुढच्या मैदानात, प्रचाराच्या गाडीने दाखवला. भारत सरकारचं क्षेत्रीय प्रचाराचं खातं १९५३ सालचं; राज्याच्या माहिती खात्याच्याही गाड्या फिरत. जीपमध्ये सोळा मिलिमीटरचं प्रोजेक्टर, जनरेटर आणि घडी घातलेला पडदा. आधी कुटुंबनियोजन, मग धानाच्या नव्या वाणाची फिल्म, आणि एवढं सगळं शांतपणे बघितल्याबद्दल शेवटी एक मोठा सिनेमा. त्या रात्री ‘श्यामची आई’ होता. आचार्य अत्र्यांचा हा १९५३ चा चित्रपट. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक त्याला मिळालं. हे मला फार पुढे कळलं. त्या रात्री मला एवढंच कळलं, की पुढे बसायला जागा नाही.

म्हणून आम्ही पोट्टे पडद्याच्या मागच्या बाजूला जाऊन बसलो.

पडद्यामागून पाहिलेला सिनेमा ज्याने पाहिला नाही, त्याला त्याची मजा सांगून कळणार नाही. चित्र तेच, रडणंही तेच, पण सगळं उलट. माणसं डाव्या हाताने जेवतात, पाट्यांवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतात. मला नुकतंच वाचता येऊ लागलं होतं आणि नावांतलं एक अक्षर लागेना. मला वाटलं, ही वेगळी भाषा आहे, सिनेमाची. वनमालाबाईंनी उभी केलेली आई श्यामला रागावत होती आणि पडद्याच्या पलीकडून आमच्याच आयांच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. कापडाच्या एका बाजूला श्यामची आई, दुसऱ्या बाजूला आमची, आणि मध्ये किड्यापाखरांनी भरलेला उजेडाचा झोत. पुढे पुण्या-मुंबईच्या वातानुकूलित सभागृहांत मी जगातले मोठमोठे चित्रपट पाहिले. त्यांतल्या एकाही पडद्याची मागची बाजू मला दिसली नाही, याची चुटपुट आजही वाटते.

त्याच सुमारास डोंगरापलीकडे एक वेगळीच गोष्ट चालू होती. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं एक वर्ष अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० गावांत दूरदर्शनचे कार्यक्रम दाखवले गेले. ‘साइट’ असं त्या प्रयोगाचं नाव. मध्य प्रदेशातल्या छत्तीसगडची गावं त्यात होती, महाराष्ट्र नव्हता. म्हणजे बोगद्यापलीकडच्या मुलुखातली मुलं संध्याकाळी पंचायतीपुढे बसून उपग्रहावरून आलेली चित्रं पाहत होती आणि आम्ही अलीकडे प्रचाराच्या गाडीची वाट पाहत होतो. नागपूरचं दूरदर्शन केंद्र आलं १९८२ मध्ये. राज्याची सीमा म्हणजे काय, हे मला भूगोलाच्या पुस्तकापेक्षा या गोष्टीतून जास्त समजलं.

गोंदिया तेव्हाही मोठं गाव. तांदळाच्या गिरण्या, विड्यांचा धंदा, हातात रोख पैसा असलेला मजूर आणि म्हणून चालणाऱ्या टॉकीज. पण सिनेमा आमच्यापर्यंत पोचायचा तो दमून. चित्रपटांच्या वाटपाच्या व्यवहारात आमचा मुलूख आजही ‘सी.पी.-बेरार’ म्हणून ओळखला जातो. तो प्रांत इतिहासजमा झाला, धंद्याच्या वह्यांत राहिला. अमरावती आणि भुसावळ ही त्या वाटपाची ठाणी. मोठ्या शहरांतून फिरून प्रिंट आमच्याकडे येई तेव्हा तिच्यावर पावसासारखे ओरखडे असत, गाणी मधूनच उडालेली असत, संवाद दोन शब्द गिळून पुढे जात. लहानपणी मला वाटायचं, सिनेमात कायम बारीक पाऊस पडत असतो.

आणि मग परतीची पॅसेंजर. माझं खरं शिक्षण तिथे झालं. डब्यात आमच्यासारखेच अर्ध्यातून उठून आलेले पाच-सात जण तरी असत. गाडी सुटली की कुणीतरी विषय काढी, ‘मंग पुढं का झालं असन?’ आमगावपर्यंत वाद, धानोलीला नवा फाटा फुटे, सालेकसा येईस्तोवर शेवट तयार. त्या डब्यात विडी कारखान्यातला मजूर, बाजार करून निघालेली बाई, शाळामास्तर आणि माझ्यासारखं नऊ वर्षांचं पोरगं यांच्यात मोठं-लहान नव्हतं. ज्याचा शेवट पटेल तो चाले. ‘शोले’च्या वेळी बाबा एरवीसारखे गप्प होते. सालेकसा जवळ आलं तसे म्हणाले, ‘ठाकूरले हात नाई. मंग पायानंच चेचला असन त्यानं गब्बरले. पोलीस-बिलीस काई नाई.’ डबा क्षणभर थांबला आणि सगळ्यांनी मान डोलावली. ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून पंधरा दिवस मी तो ‘शोले’ गावात सांगत होतो, बाबांच्या शेवटासकट. सिनेमा सांगणं हे आमच्याकडे कामच होतं. जो गोंदियाला जाऊन आला त्याने तो सगळ्यांना सांगायचा. पार्श्वसंगीत, घोड्यांच्या टापा, मारामारीचे आवाज, सगळं तोंडाने. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रा भरायला लागल्या की दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं असायची, रात्रभर नाटक चालायचं. झाडीपट्टीतल्या, म्हणजे आमच्या या पूर्वेकडच्या मुलखातल्या, माणसाला बसून ऐकायची आणि उभं राहून सांगायची लाज कधीच वाटली नाही. सिनेमा त्याच रांगेत येऊन बसला. मी त्यातूनच लिहायला लागलो. पुढच्या पानांत लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांनी आधी सिनेमा सांगितला आहे आणि नंतर पाहिला आहे.

मराठी सिनेमाचा इतिहास या नजरेने पाहिला तर त्यात जागोजाग अशी मुलं दिसतात. शांताराम वणकुद्रे नावाचा मुलगा हुबळीच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये कामाला लागला आणि संध्याकाळी पत्र्याच्या एका सिनेमाघरात पडेल ते काम करू लागला. त्याला रोज सिनेमा फुकट दिसे, हीच त्याची खरी कमाई. पुढे तो कोल्हापूरला बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत गेला आणि व्ही. शांताराम झाला. रेल्वे आणि पत्र्याचं सिनेमाघर, हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो. आमच्याच घरातलं कुणी भेटल्यासारखं वाटलं.

पान नलिन या गुजराती दिग्दर्शकाचं बालपणही रेल्वेपाशीच, अमरेली जिल्ह्यातल्या खिजडिया जंक्शनवर गेलं. वडिलांची तिथे चहाची टपरी होती. त्यांच्या ‘छेल्लो शो’ या २०२१ च्या चित्रपटातला समय आईच्या हातचा डबा प्रोजेक्टर चालवणाऱ्याला देतो आणि बदल्यात त्याच्या खोलीतून सिनेमे पाहतो. पुढे तो आणि त्याचे दोस्त भंगारातून स्वतःचं प्रोजेक्टर जुळवतात. ऑस्करसाठी भारतातर्फे २०२२ मध्ये हा चित्रपट पाठवला गेला. सिसिलीतल्या खेड्यातल्या तोतोची गोष्ट सांगणारा १९८८ चा ‘सिनेमा पारादिसो’ जगभर वाखाणला गेला, मलाही तो आवडतो. तरी माझं मन समयकडे जास्त ओढलं जातं, कारण त्याच्या सिनेमालाही गाडीचं वेळापत्रक आहे.

पण या सगळ्यांत मला सर्वांत जवळचा वाटतो तो सिनेमा न काढलेला माणूस. परमेश कृष्णन नायर, म्हणजे पी. के. नायर. जन्म १९३३, तिरुवनंतपुरमचा. लहानपणी पौराणिक चित्रपटांनी भारून गेलेला हा मुलगा तिकिटांचे फाटलेले अर्धे तुकडे जपून ठेवायचा. १९६१ मध्ये तो पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये आला, १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालं आणि तिकिटं जमवणारा मुलगा रिळं जमवू लागला. निवृत्त झाला तेव्हा सुमारे १२,००० चित्रपट त्या संग्रहात होते. दादासाहेब फाळक्यांच्या कामाचे जे अवशेष आज आपण पाहू शकतो, ते नायर यांच्या या ध्यासामुळे. ‘राजा हरिश्चंद्र’ची चार रिळं होती, आज दोन उरली आहेत, पहिलं आणि शेवटचं. म्हणजे देशाच्या पहिल्या कथापटाचा शेवट आपल्याकडे आहे, मधलं गेलं. अंधारात छोट्या टॉर्चच्या उजेडात टिपणं घेत नायर सिनेमा पाहत. शिवेंद्रसिंह डुंगरपूर यांनी २०१२ मध्ये त्यांच्यावर ‘सेल्युलॉइड मॅन’ हा माहितीपट केला. नायर २०१६ मध्ये पुण्यात गेले.

मुलाने जपलेला तिकिटाचा तुकडा आणि देशाचं चित्रपट संग्रहालय, यांत मला फरक वाटत नाही. दोन्हींमागे एकच भीती आहे, की हे जाईल. सिनेमावर जीव जडलेल्या प्रत्येक मुलाला ही भीती फार लवकर कळते, कारण दिवे लागताच सगळं नाहीसं झालेलं त्याने पाहिलेलं असतं. दरेकशाच्या बोगद्यात शिरताना आम्ही मुलं ओरडायचो ते गंमत म्हणून. पण बाहेर उजेडात आल्यावर मी मान वळवून तो काळा गोल लहान होत जाताना पाहायचो. सिनेमागृहातून निघताना आजही माझी मान तशीच वळते.

आणखी एका गोष्टीबद्दल बोलायला हवं, आणि ती सुखाची नाही. आमच्या वर्गात घरी गोंडी, पोवारी, छत्तीसगडी बोलणारी मुलं होती. शाळा मराठी, सिनेमा हिंदी. पडद्यावर आम्ही कुठेच नव्हतो. आदिवासी दिसायचे ते पिसं लावून नाचणारे. ते बघून माझ्या शेजारचा मुलगा हसायचा नाही, एवढं मला आठवतं. मी हसायचो, हेही आठवतं. २००० मध्ये सतीश जैन यांचा ‘मोर छंइहा भुंइया’ हा छत्तीसगडी चित्रपट प्रचंड चालला, त्याच वर्षी छत्तीसगड राज्य झालं. आपल्या तोंडातली भाषा पडद्यावर मोठ्याने ऐकणं काय असतं, हे तेव्हा सीमेवरच्या लोकांना कळलं. मराठीत हे काम नागराज मंजुळे यांनी केलं. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरचा हा मुलगाही व्हिडिओवर हिंदी सिनेमे पाहून वाढला. ज्या पडद्याने त्याला वेड लावलं त्या पडद्यावर आपल्यासारखं कुणी नाही, हे त्याला मोठेपणी बोचलं असणार, असं मला ‘फँड्री’ पाहताना वाटलं. २०१३ च्या त्या चित्रपटात जब्या या मुलाने भिरकावलेला शेवटचा दगड थेट प्रेक्षकावर येतो. त्या दिवशी मला कुठलीही गाडी गाठायची नव्हती. दिवे लागले तरी मी उठलो नाही. हसलेल्या त्या जुन्या दुपारचा हिशेब तो दगड मागत होता. माझ्या मते गेल्या पंचवीस वर्षांतला मराठी चित्रपटाचा तो सर्वांत मोठा शेवट आहे.

आजच्या मुलांचं काय, असं हे पुस्तक जुळवताना अनेकांनी विचारलं. दरेकशातही आज प्रत्येक घरात फोन आहे. मुलांच्या हाती सगळे सिनेमे आहेत, शेवटासकट. मी फोनला शिव्या देणार नाही; आमच्या हाती तो असता तर आम्हीही सोडला नसता. पण तीस सेकंदांत पुढचं चित्र येतं तेव्हा मागचं मनात मुरायला जागा उरत नाही, आणि शेजारी रडणारी आई नसते. तंबूतले सिनेमे जवळजवळ संपले. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी महाराष्ट्रातल्या यात्रांत फिरणाऱ्या टुरिंग टॉकीजवर ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. तो २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखवला गेला तेव्हा त्यातले तंबू शेवटचे श्वास घेत होते. बालचित्रपट समिती १९५५ पासून होती. २०२२ मध्ये ती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाली. तरीही ज्या शाळेत एक भिंत पांढरी आहे आणि एक प्रोजेक्टर मागून आणता येतं, तिथे महिन्यातून एक रात्र मुलांनी आणि त्यांच्या आयांनी एकत्र बसून सिनेमा पाहायला काय हरकत आहे? शिक्षक मित्रांना मी हे दरवर्षी सांगतो. दोघांनी सुरू केलं आहे.

आता ‘शोले’चं राहिलं. मिसरूड फुटल्यावर मी तो एकदाचा पूर्ण पाहिला आणि माझी निराशा झाली. ठाकूर गब्बरला मारणार एवढ्यात पोलीस येतात, समजावतात, गब्बरला धरून नेतात. मी बाबांना पत्र लिहिलं, की आपला शेवट चुकला. त्यांनी उत्तरात त्याचा उल्लेख केला नाही. पुष्कळ वर्षांनी वाचनात आलं, की रमेश सिप्पींनी आधी चित्रित केलेला शेवट वेगळा होता. त्यात ठाकूर गब्बरला पायांनीच मारतो. आणीबाणीचे दिवस होते. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने कायदा हाती घेतलेला सेन्सॉरला चालला नाही आणि १५ ऑगस्ट १९७५ ला सिनेमा आला तो बदललेल्या शेवटानिशी. मूळ शेवटाचा ‘शोले’ डुंगरपूर यांच्याच फिल्म हेरिटेज फाउंडेशनने सिप्पी फिल्म्ससोबत दुरुस्त केला आणि जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात, पियाझा माज्जोरेच्या चौकात, उघड्या आकाशाखाली दाखवला. पन्नास वर्षांनी. सालेकशाच्या अलीकडे गँगमनने सांगितलेला शेवट बरोबर होता. बाबांना हे कळवता आलं नाही. ते त्याच्या कितीतरी आधी गेले.

या पुस्तकाच्या अखेरीस चार पानं कोरी सोडली आहेत. वाचकहो, तुमचा पहिला सिनेमा तिथे लिहून ठेवा. गाव कोणतं, पडदा कशाचा, शेजारी कोण बसलं होतं, तिकिटाचे पैसे कुणी दिले, घरी कसे परतलात. शेवट पाहिला नसेल तर तसंच लिहा, आणि तो तुम्ही काय ठरवला होता तेही.